नरहरीभाऊंच्या गाडीतली डावी सीट

आमच्या समता कॉलनीत कुणाला घर बदलायचं असलं, की आधी नरहरीभाऊंना हाक जाते. टेम्पोवाल्याचा नंबर त्यानंतर, आणि तोही नरहरीभाऊंची पिकप दुसऱ्या कुणाचं कपाट घेऊन निघून गेलेली असली तर. गणपतीची मूर्ती, पंगतीची पातेली, कुणाच्या सासूबाईंची लोखंडी कॉट, एकदा एक गाभण म्हैस, सगळं त्या पिकपच्या पाठीवरून गेलेलं आहे. मी, क्षमा, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. माझा फ्रिजही त्यांनीच आणला आणि दारात उतरवताना त्याला पोचाही त्यांनीच पाडला. "काही होत नाही," म्हणून त्या पोच्यावर त्यांनी प्रेमानं हात फिरवला होता. मला हा माणूस फार आवडतो आणि अधूनमधून त्याचा भयंकर राग येतो. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या.

नरहरी खडतकर हे त्यांचं पूर्ण नाव. वडील आर्वीहून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि गुढियारीत भाड्याच्या खोलीत राहिले. नरहरीभाऊ तिथंच वाढले, आणि पुढं रेल्वेच्याच मालधक्क्यावर बाबू म्हणून चिकटले. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांचा माल चढताना-उतरताना बघण्यात घालवली. आपली स्वतःची गाडी असावी, तिच्यात आपल्या मर्जीनं माल चढवावा, ही हौस त्यांना तिथंच लागली असणार. ते निवृत्त झाले तेव्हा रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. कचेऱ्या वाढल्या होत्या, कचेऱ्यांच्या गाड्या वाढल्या होत्या, आणि त्यातल्या पहिल्या-पहिल्या गाड्या लिलावात निघायलाही लागल्या होत्या. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. नरहरीभाऊ लिलावाला गेले आणि फोर-व्हील पिकप घेऊन आले.

फोर-व्हील म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण नरहरीभाऊंनी ते प्रत्येकाला दाखवलेलं आहे. गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक बुटकी दांडी आहे. ती ओढली की मागच्या दोन चाकांबरोबर पुढची दोनही जोर लावतात. रायपूरबाहेर नवी राजधानी आखायला जी माणसं शेताशेतांतून हिंडत होती, त्यांना घेऊन ही गाडी फिरलेली. तिथं चिखल होता, नाले होते. आमच्या कॉलनीत सिमेंटचा रस्ता आहे. एकदाच खारुन नदीच्या काठावर विसर्जनाच्या दिवशी एक ट्रॅक्टर रुतला आणि नरहरीभाऊंनी ती बुटकी दांडी ओढून तो बाहेर काढला. ती हकीकत मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता ट्रॅक्टर मीच काढला असं मला वाटतं.

पण त्या गाडीत खरी शोभा होती ती रमाकाकूंची. रमाकाकू म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. अंगानं लहानखुऱ्या, बोलायला कमी आणि कामाला वाघ. लिलावातली गाडी दारात आली तेव्हा त्यांनी आधी नाक मुरडलं, मग तिला आतून-बाहेरून घासून धुतलं, डावीकडच्या सीटला जुन्या सोलापुरी चादरीचा अभ्रा शिवला आणि तिथं जाऊन बसल्या. तेव्हापासून ती जागा त्यांची. म्हैस आणायला गेले तेव्हाही काकू पुढं बसलेल्या होत्या. दसऱ्याला तर थाटच असायचा. मागं कॉलनीतली सगळी पोरंपोट्टी उभी, पुढं हे दोघं, आणि गाडी निघायची डब्ल्यूआरएस कॉलनीचा रावण बघायला. येताना घरोघरी सोनं वाटत यायचं. काकूंच्या मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी असायची.

आता नरहरीभाऊंच्या ज्या सवयीचा मला राग येतो, ती सांगते. छत गळो, ताप चढो, मुलगा अभिनव नोकरीसाठी पुण्याला जाऊन तिथलाच होवो, नरहरीभाऊंचं उत्तर ठरलेलं असतं. "काही होत नाही." म्हणताना डोळे असे हसरे करतात, की समोरच्याला आपणच भित्रे आहोत असं वाटायला लागतं. छत गळलंच होतं. काकूंचा ताप टायफॉइड निघाला होता.

दोन वर्षांपूर्वी ते दोघं जगदलपूरहून लग्न आटोपून परत येत होते. केशकालचा घाट उतरताना ब्रेक दाबला, की पेडल पायाखाली थरथरायचं आणि त्याबरोबर स्टिअरिंगही.

"हे काय होऊन राहिलं?" काकूंनी विचारलं.

"काही होत नाही."

पुढच्या वळणावर गाडी पुन्हा थडथडली आणि काकूंनी पुन्हा विचारलं.

"काही होत नाही वं. रस्ताच तसा हाय."

त्यापुढच्या वळणावर गाडी थांबायला हवी होती तिथं थांबली नाही. कठड्याच्या दगडाला जाऊन टेकली. दिवा फुटला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. काकू खाली उतरल्या, आपली पिशवी घेतली, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि आलेल्या पहिल्या बसला हात केला. रायपूरपर्यंत बस पुढं आणि पिकप मागं, अशी वरात आली. त्यानंतर काकू त्या गाडीत बसल्या नाहीत.

भांडण-बिंडण काही नाही. स्वयंपाक व्हायचा, गप्पा व्हायच्या, संध्याकाळचा चहा दोघं पायरीवर बसून प्यायचे. फक्त सदर बाजारात जायचं झालं, की काकू रिक्षानं जायच्या आणि नरहरीभाऊ रिकामी पिकप घेऊन मागून. मागचे दोन दसरे काकू घरीच राहिल्या. नरहरीभाऊ पोट्टी घेऊन जायचे आणि लवकर परतायचे. एकदा भिंतीवरून मला म्हणाले, "क्षमा, डावीकडं कोणी नसलं ना, तर गाडी चालवली असं वाटतच नाही. नुसता माल वाहून राहिलो असं वाटते." तेव्हा ते हसत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

काकूंना ब्रेकची भीती बसली आहे, असं नरहरीभाऊंनी ठरवून टाकलं होतं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून त्यांनी पुढच्या चाकांच्या डिस्क लेथवर नेऊन घासून आणल्या. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी थाळी. ब्रेक दाबला, की दोन बाजूंनी पॅड येऊन तिला आवळतात आणि चाक थांबतं. ती थाळी तापून वाकडी झाली, की पेडल थरथरतं. घासल्यावर चार महिने बरं चाललं, मग पुन्हा थरथर सुरू. पुण्याहून अभिनव फोनवर म्हणाला, "बेच दो ना बाबा, क्या रखा है उसमें." त्यावर नरहरीभाऊंनी फोन काकूंच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले.

या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात ते गुढियारीला भैय्यालालच्या दुकानात गेले. भैय्यालाल पार्ट विकतो आणि लहानपणापासून त्यांच्या ओळखीचा आहे. त्यानं जुनी डिस्क चाकातल्या चाकात चाचपून बघितली आणि म्हणाला, "ये ह पातर हो गे हे भैया. अब खराद झन करवाव. नवा डार दव." पातळ झाली आहे, आता घासू नका, नवीच टाका. नरहरीभाऊ नव्या डिस्कची जोडी आणि पॅडचा डबा घेऊन आले आणि मला भिंतीवरून दाखवून म्हणाले, "दसऱ्याला रमा पुढं बसन. पाहजो तू."

"मिस्त्रीकडून बसवून घ्या," मी म्हटलं.

"काही होत नाही. एका दिवसाचं काम हाय."

तो अष्टमीचा दिवस होता. त्यांनी गाडीचं तोंड जॅकवर उचललं, खाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे लाकडी ठोकळे लावले, मागच्या चाकांना विटा लावल्या. इथवर सगळं झकास. चाकं निघाली. पॅड आवळणारं ते जड धूड सोडवून त्यांनी तारेनं वर बांधून ठेवलं, म्हणजे ब्रेकच्या नळीला हिसका बसायला नको. डावीकडची डिस्क दुपारपर्यंत बाहेर आली. पण फोर-व्हीलच्या पुढच्या चाकांत नुसती डिस्क ओढून निघत नाही. चाकाचा मधला सगळा गड्डा उतरवावा लागतो आणि त्यावर एक मोठा नट असतो. उजवीकडचा तो नट काही केल्या हलेना. नरहरीभाऊंनी पाना लावून त्यावर पाय दिला, मग उभेच राहिले, मग मला बोलावून पान्याच्या टोकाला लोंबकळायला सांगितलं. मी लोंबकळले. पाना वाकला, नट जागच्या जागी. शेवटी त्यांनी त्यावर गंज सोडवणारं तेल ओतलं, नव्या डिस्क थिनरनं पुसून लख्ख केल्या आणि व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडून ठेवल्या. "उद्या सुटते," म्हणाले.

उद्या खंडेनवमी होती आणि हे या गृहस्थांच्या ध्यानातच नव्हतं.

रायपुरातले गॅरेजवाले आपल्या हत्यारांची पूजा विश्वकर्मा जयंतीला करून मोकळे होतात. खडतकरांच्या घरात मात्र आर्वीहून आलेली खंडेनवमी आहे. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून देवापुढं बसतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी कामाला लावत नाही. सकाळी नरहरीभाऊ उठून बाहेर येईपर्यंत काकूंनी पाने, हातोडी, जॅकची दांडी, विळी, कात्री, सगळं गोळा करून पाटावर मांडलं होतं. मिस्त्रीचे पाने मागून आणता आले असते, पण त्या दिवशी त्यांच्या दारात लोखंडाला लोखंड लागत नाही. ते दिवसभर पायरीवर बसून पुढच्या चाकांवाचून ठोकळ्यांवर उभ्या गाडीकडे बघत राहिले. मी जाता-येता चिडवून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी मी काम करते त्या क्लिनिकला सुट्टी होती, म्हणून मी भिंतीपाशीच होते. उत्तरपूजा झाली, हत्यारं हातात आली आणि नरहरीभाऊ डिस्क उचलायला व्हरांड्यात गेले. तिथंच थबकले.

"क्षमा, इकडं ये जरा."

मी गेले. वर्तमानपत्रावरच्या दोन्ही डिस्क आता एका पाटावर होत्या. त्यांना जवसाचं तेल चोपडलेलं होतं, तव्याला चोपडतात तसं, अगदी आतल्या कडेपर्यंत मनापासून. तेलातच कुंकू कालवून दोन्हींवर स्वस्तिक काढलेलं, मधल्या भोकात झेंडू. पॅडचा डबा सुदैवानं बंद होता, त्याच्यावर नुसतं फूल होतं. काय झालं असेल ते मला लगेच कळलं. उघड्या लोखंडावर दोन रात्री दव पडलं, दसऱ्याच्या पहाटे त्यावर लालसर गंज दिसला. काकूंनी तो पाहिला, नवी वस्तू जंगते म्हणून काथ्यानं घासली, तेल लावलं आणि उत्तरपूजेला घेतली. दोन वर्षं ज्या गाडीकडे त्या ढुंकून बघत नव्हत्या, तिच्या डिस्कला त्यांनी कुंकू लावलं होतं. नरहरीभाऊंचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"आता काय?" मी विचारलं.

"तेल हाय ना. असंच बसवलं तर पॅड घसरते. ब्रेक लागत नाही."

"मग पुसा."

"तिनं लावलेलं कुंकू मी पुसू?"

त्यांनी हातातला फडका माझ्यापुढं धरला. "तू पूस."

"मी का म्हणून?" मी दोन पावलं मागं सरले. सवाष्णीनं लावलेलं कुंकू दसऱ्याच्या दिवशी पुसायला मला कुणी सोन्याची साखळी दिली असती तरी मी पुसलं नसतं. मी त्यांना चांगला तोडगा सांगितला. मागच्या अंगणात न्यायचं, थिनरनं स्वच्छ करायचं, बसवून टाकायचं. चाक लागल्यावर आत कोण बघतंय? काकूंनी विचारलंच, तर म्हणायचं, आहे आतमध्ये. ते म्हणायला हा माणूस सगळ्या कॉलनीत लायक होता.

त्यांनी खरंच डिस्क उचलली. मागच्या अंगणाकडे चारदोन पावलं टाकली. मग परत आले, डिस्क पाटावर ठेवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "रमा, बाहेर ये वं जरा."

काकू पदराला हात पुसत आल्या.

"हे तू लावलं ना, लय चांगलं केलं," नरहरीभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पण या थाळीले तेल चालत नाही. असंच बसवलं तर ब्रेक लागनार नाही. पुसा लागते. अन् मले पुसवत नाही."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. डिस्ककडे त्यांनी बघितलंही नाही.

"लागनार नाही म्हणजे?"

"म्हणजे गाडी थांबनार नाही. केशकालसारखं."

"अन् केशकालले तुम्हाले मालूम होतं?"

मला वाटलं, आपण आता घरी जावं. पण पाय निघेना. नरहरीभाऊ खाली मान घालून फडक्याची घडी करत होते.

"हव," ते म्हणाले. "पहिल्याच वळणावर समजलं होतं. तू भेशीन म्हणून बोललो नाही."

"मले गाडीचं भेव नोहोतंच," काकू म्हणाल्या. "गाडी काय, लोखंड हाय ते, बिघडन, दुरुस्त होईन. मले तुमच्या 'काही होत नाही'चं भेव वाटे. बाजूले बसून मी विचारतो, अन् तुम्ही मलेच सांगत नाही. मग बाजूले बसून काय करू?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. नरहरीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. आतून देवघरातल्या घंटीचा एक टोला ऐकू आला. मग काकू बाहेर आल्या त्या हातात जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन. "देवाले सांगून आली," म्हणाल्या आणि पाटापाशी बसल्या. "द्या ते थिनर."

कुंकू त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं. आधी फूल उचलून कपाळाला लावलं, मग थिनर ओतून डिस्कची एक बाजू, मग दुसरी. तुकडा लाल झाला की उलटायचा, पुन्हा घासायचं. नाकाला पदर लावून त्यांनी दोन्ही डिस्क अशा स्वच्छ केल्या, की नरहरीभाऊंनी अष्टमीला केल्या होत्या त्या त्यापुढं मळकट म्हणाव्यात. मग विचारलं, "याले कुठंच कुंकू चालत नाही का?"

"मधातला हा उंच भाग हाय ना, तिथं पॅड पोहोचत नाही. तिथं लाव. पण कोरडं लाव."

काकूंनी कोरड्या कुंकवाचं एकेक बोट तिथं टेकवलं.

त्यानंतरचं काम सरळ झालं. तेलात भिजलेला नट मिस्त्रीच्या मोठ्या पान्यानं एका हिसक्यात सुटला, आणि मी अष्टमीला लोंबकळले ते फुकट गेलं. गड्ड्यात ग्रीस भरलं, डिस्क बसल्या, नवे पॅड बसले, चाकं चढली. दुपार कलताना गाडी ठोकळ्यांवरून खाली आली. तोवर कॉलनीतली पोट्टी फाटकाशी जमायला लागली होती आणि सोन्याची पानं घेऊन एक बाई दारावर ओरडून गेली होती.

"आता कोणी तरी पेडल दाबा लागते," नरहरीभाऊ हात पुसत म्हणाले. "मी खालून पाहतो, कुठून गळून तर नाही राहिलं." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी दाबतो," काकू म्हणाल्या.

त्या उजवीकडून चढल्या आणि स्टिअरिंगमागं बसल्या. पाय पेडलपर्यंत पुरावेत म्हणून त्यांना सीटच्या अगदी टोकाशी यावं लागलं. नरहरीभाऊ चाकापाशी जमिनीवर आडवे झाले आणि तिथून ओरडले, "ऐक, पहिल्यानं पेडल पुरं खाली जाईन. भेऊ नको. चार-पाच वेळा दाबलं की वर येते."

"गेलं खाली."

"अजून दाब."

"गेलं... आता थोडं वर आलं." मग काही वेळानं, "आता कडक झालं."

"धरून ठेव."

त्यांनी एका चाकाखाली वाकून बघितलं, मग दुसऱ्या. बोटं फिरवून कोरडी आहेत का ते पाहिलं. मग उठून दाराशी आले. कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"झालं. उतर आता. मी आधी एकटाच कॉलनीत चकरा मारून आणतो. पॅड नवे हाय, पहिल्यानं बरोबर धरत नाही. हळूहळू दाबून बसवा लागते. तोवर खात्री नाही."

नरहरीभाऊंच्या तोंडून 'खात्री नाही' हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

काकूंनी पेडलवरचा पाय काढला. त्या उतरल्या नाहीत. एका हातानं निऱ्या आवरल्या, आधी गिअरच्या दांडीवरून, मग त्या लाडक्या बुटक्या दांडीवरून पाय टाकला आणि सरकत सरकत डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. सोलापुरी अभ्र्यावर धूळ होती. ती त्यांनी हातानं झटकली.

"रमा, म्हटलं ना, अजून खात्री नाही."

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या. "म्हणूनच बसली. चला."

नरहरीभाऊ चढले, कपाळावरचं ग्रीस बाहीला पुसलं, गाडी सुरू केली आणि खिडकीतून डोकं काढून मला म्हणाले, "क्षमा, मागच्या चाकाच्या विटा काढ वं."

मी विटा काढल्या.